गाडी सुसाट चालवली म्हणून वकील गाठावा लागला, आणि त्याच जेआरडींनी देशाला विमानसेवा दिली

मुरूडहून आगरदांड्याला जाणारा रस्ता शेवटी पाण्यात उतरतो. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. मुंबईहून अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत सुसाट आलेली नवी कोरी एसयूव्ही असो नाहीतर कुणाची खडखडणारी जुनी जीप, धक्क्यावर सगळे एकाच रांगेत उभे राहतात. जंगलजेट्टी लागली की गाडी हळूच तिच्यावर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं. वाटेत शंभर जणांना ओव्हरटेक केलेलं असलं तरी खाडी सगळ्यांनी एकाच वेगाने पार करायची.

हाच किनारा वरून कसा दिसत असेल याचा विचार करा. १९३५ मध्ये टाटांनी मुंबई ते त्रिवेंद्रम अशी आठवड्यातून एकदा जाणारी हवाई सेवा सुरू केली, वाटेत थांबे गोवा आणि कन्नूर. एका इंजिनाचं छोटंसं विमान. आजच्यासारखा जीपीएस नाही, रडार नाही. अशा विमानाच्या वैमानिकाला कोकणचा किनारा म्हणजेच नकाशा. अलिबागचा कुलाबा किल्ला, मग जंजिरा, मग राजपुरीची खाडी, अशा खुणा मोजत खाली सरकायचं.

ही सेवा ज्यांनी उभी केली ते होते जेआरडी टाटा. आणि त्यांचं नाव आज काढायचं कारण वेगळंच आहे.

पायलट व्हायची स्वप्नं बघणाऱ्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात एक भीती असते. बाईकवर दोन-चार ओव्हरस्पीडची चलानं झालेली असतात, एखादवेळी लायसन्स जप्त झालेलं असतं, घरचे रोज ऐकवतात की तुला धड गाडी चालवता येत नाही, विमान काय चालवणार. मग प्रश्न पडतो की ही चलानं आपल्या आड तर येणार नाहीत ना?

तर भारतात वैमानिकाचं लायसन्स ज्यांनी पहिल्यांदा मिळवलं, त्यांचं गाडी चालवण्याचं रेकॉर्ड फारसं शोभेचं नव्हतं. इतकं, की भरधाव गाडी चालवल्याच्या केसमध्ये त्यांना मुंबईतला एक नामांकित वकील गाठावा लागला होता. त्या वकिलाच्या घरात त्यांना पुढे बायकोही मिळाली. पण ते नंतर.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभॉय म्हणजे जमशेदजी टाटांचे नात्यातले भाऊ आणि धंद्यातले साथीदार. आई फ्रेंच, माहेरचं नाव सुझान ब्रिएर, लग्नानंतर त्या सूनी झाल्या. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून या सूनीबाईंचंच नाव घेतलं जातं. म्हणजे स्टिअरिंग घरात आईकडूनच आलं होतं म्हणायला हरकत नाही.

लहानपण पॅरिस, मुंबई आणि जपानमधलं योकोहामा असं तीन ठिकाणी फिरतीवर गेलं. पोराची पहिली भाषा फ्रेंच. उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी आर्देलो नावाचं गाव आहे, तिथे टाटांचं सुट्टीतलं घर होतं. आणि शेजार कुणाचा, तर लुई ब्लेरिओचा. १९०९ मध्ये विमानाने पहिल्यांदा इंग्लिश खाडी ओलांडणारा तोच हा ब्लेरिओ. त्याच्या कंपनीची विमानं तिथल्या वाळूवर उतरायची. लहानगा जहांगीर तासन् तास ती बघत बसायचा. पंधराव्या वर्षी तिथेच त्याला पैसे भरून विमानात एक चक्कर मारायला मिळाली. काही मिनिटांचीच ती चक्कर, पण तेव्हाच त्याने ठरवून टाकलं की आपण हेच करायचं.

ठरवलं खरं, पण घरच्या डोक्यात वेगळं होतं. १९२३ मध्ये आई क्षयाने गेली. जहांगीरला केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग करायचं होतं. मध्येच फ्रेंच नागरिक म्हणून त्याला सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागली. ती संपते न संपते तोच वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं. १९२५ च्या डिसेंबरमध्ये टाटांच्या ऑफिसात बिनपगारी उमेदवार म्हणून तो कामाला लागला. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. केंब्रिज राहिलं ते कायमचंच. आपल्याला कॉलेजची पदवी नाही याची बोच जेआरडींना पुढे आयुष्यभर होती.

बाविसाव्या वर्षी आई-वडील दोघं नाहीत, भावंडांची जबाबदारी अंगावर, नोकरी नावाला आणि अंगात नुसती रग. ही रग उतरली रस्त्यावर.

जेआरडींकडे बुगाटी होती. आज बुगाटी म्हटलं की पोरं मोबाईलवर फोटो झूम करून बघतात, त्या काळातही प्रकार फार वेगळा नव्हता. बुगाटी म्हणजे मुळात शर्यतीसाठी घडवलेली हलकी, चपळ, प्रचंड आवाज करणारी गाडी. मुंबईच्या रस्त्यावर तेव्हा ट्राम होत्या, व्हिक्टोरिया घोडागाड्या होत्या, बैलगाड्या होत्या. त्यांच्या मधून एक विशी-पंचविशीतला तरणा पारशी अशी गाडी पळवतोय म्हटल्यावर पोलिसांच्या नजरेत तो भरणारच.

व्हायचं तेच झालं. मुंबईच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर बुगाटी अतिवेगाने चालवल्याबद्दल जेआरडींवर केस झाली. बऱ्याच ठिकाणी हा रस्ता मरीन ड्राइव्ह म्हणून सांगितला जातो. पण आजचा मरीन ड्राइव्ह डोळ्यांसमोर आणू नका, कारण तिथल्या एकसारख्या गोलाकार इमारती बहुतेक १९३० नंतरच्या आहेत.

या केससाठी त्यांनी वकील धरला जॅक विकाजी. हा मुंबईतला मोठा रंगेल आणि नावाजलेला वकील. त्यांची पुतणी थेल्मा, सगळे तिला थेली म्हणायचे. वकिलाकडे चकरा मारता मारता जेआरडींची तिच्याशी ओळख झाली आणि १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं. वेगाच्या केसमधून संसार उभा राहिल्याचं हे एक दुर्मिळ उदाहरण. कुणी ते फार मनावर घेऊ नये, कारण अशा केसमधून बहुतेकांच्या वाट्याला फक्त दंडाची पावती येते.

आता मुद्दा असा, की ज्या वर्षांत हे रस्त्यावरचे उद्योग चालू होते त्याच वर्षांत जेआरडी जुहूला विमान चालवायला शिकत होते.

१९२८ मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला. जुहूला तेव्हा धावपट्टी अशी नव्हतीच, चिखलाचं सपाट मैदान होतं. जेआरडी तिथे जाऊन धडकले. प्रशिक्षकाबरोबर जेमतेम पावणेचार तास उडाल्यावर त्यांनी एकट्याने विमान वर नेलं. आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांच्या हातात निळ्या-सोनेरी रंगाची एक छोटी पुस्तिका पडली. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने दिलेलं वैमानिकाचं लायसन्स. त्यावर नंबर होता एक.

ते देताना त्यांच्या बुगाटीचा हिशेब कुणी मागितला नाही. तेव्हाच्या परीक्षेत विमान नीट वर नेता येतं का, ठरल्याप्रमाणे वळवता येतं का आणि सुखरूप खाली आणता येतं का, एवढंच बघितलं जायचं.

आजची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ज्यांना खरंच पायलट व्हायचंय त्यांनी ती समजून घेतलेली बरी. आपल्याकडे कमर्शियल पायलटचं लायसन्स डीजीसीए देतं. त्यासाठी वय अठरा पूर्ण हवं, बारावीला फिजिक्स आणि गणित हवं, दोनशे तासांचं उड्डाण हवं, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी पास व्हायला हवी. या यादीत ट्रॅफिकच्या चलानांचा रकाना नाही. ओव्हरस्पीडची चलानं भरून टाकली की विषय तिथेच मिटतो. पण विमानतळाच्या आत काम करायचं तर प्रवेशाचा पास लागतो आणि त्यासाठी पोलीस पडताळणी होते. बेदरकार गाडी चालवून कुणाला जखमी केलं, गुन्हा दाखल झाला, तर ते प्रकरण चलानाच्या पावतीसारखं खिशात लपत नाही.

आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे दारू. उड्डाणाच्या आधी बारा तास वैमानिकाने दारूला शिवायचं नाही असा आपल्याकडे नियम आहे आणि श्वासाची तपासणी होते. त्यात सापडला तर पहिल्याच वेळी लायसन्स तीन महिने निलंबित होतं, पुन्हा सापडला तर तीन वर्षं. अमेरिकेत तर दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कारवाई झाली की वैमानिकाने साठ दिवसांत ती विमान खात्याला स्वतःहून कळवायची असते. म्हणजे रस्त्यावरचा वेग ते फारसा बघत नाहीत, पण रस्त्यावरची दारू मात्र बघतात. यामागचं कारण सरळ आहे. वेगाची हौस वयाबरोबर उतरू शकते, पण नियम कळत असूनही पिऊन स्टिअरिंगवर बसणारा माणूस उद्या कॉकपिटमध्येही बसेल अशी शंका राहते.

जेआरडींची हौस उतरली का? उतरली नाही, तिने फक्त जागा बदलली.

१९२९ च्या शेवटी आगा खान यांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये जो भारतीय पहिल्यांदा एकटा विमान घेऊन जाईल त्याला ५०० पौंड. तिघांनी उडी घेतली. रावळपिंडीचे मनमोहन सिंग, कराचीचा अवघ्या सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनिअर आणि आपले जेआरडी. मनमोहन सिंग पोचले, पण ठरलेल्या मुदतीत बसले नाहीत. उरले दोघं. ॲस्पी इंग्लंडहून भारताकडे निघाला होता, जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून इंग्लंडकडे.

वाटेत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर लागतं. जेआरडी तिथे उतरले तर बघतात काय, ॲस्पी अडकून पडलेला. त्याच्या विमानाचे स्पार्क प्लग गेले होते आणि जवळ जादाचे नव्हते.

बुगाटीवाल्या पोराने इथे काय केलं असतं? प्रतिस्पर्धी आपोआप बाद झालाय, तो बसलाय वाळवंटात, आपण टाकी भरायची आणि निघायचं. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग काढून त्याला दिले. दोघं आपापल्या दिशेने उडाले. ॲस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोचला आणि बक्षीस त्याला मिळालं.

हाच ॲस्पी पुढे हवाई दलात गेला आणि १९६० मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला, एअर मार्शल ॲस्पी इंजिनिअर. जेआरडी शर्यत हरले, पण त्यांना त्याचं वाईट वाटलेलं कधी दिसलं नाही. उलट हा किस्सा ते मजेने सांगायचे.

या घटनेकडे नुसता चांगुलपणा म्हणून बघितलं तर निम्मी गोष्ट सुटते. वैमानिकाने जादाचे प्लग बरोबर ठेवलेले होते हेही महत्त्वाचं आहे. रस्त्यावर बेफाम असणारा माणूस विमान बाहेर काढताना मात्र काय काय बिघडू शकतं याची तयारी करून निघाला होता. गाडी बंद पडली तर बाजूला लावता येते, वर हवेत बाजू नसते.

आता विमान कंपनीचं काय झालं ते बघू.

इंग्लंडहून इम्पिरियल एअरवेजची विमानं १९२९ पासून कराचीपर्यंत टपाल आणायला लागली होती. पण कराचीच्या पुढे तीच टपाल पिशवी आगगाडीत बसायची. लंडनहून हजारो मैल उडत आलेलं पत्र मुंबई-मद्रासला रेल्वेच्या चालीने पोचायचं. नेव्हिल विन्सेंट नावाचा एक वैमानिक, आधी ब्रिटिश हवाई दलात होता आणि मग भारतात विमानाच्या चकरा मारून दाखवत फिरत होता. त्याच्या डोक्यात कल्पना आली की कराची ते मुंबई ते मद्रास हे टपाल विमानाने न्यावं. तो जेआरडींकडे आला.

दोघांचं जमलं, पण पैसे? टाटा समूहाचे प्रमुख तेव्हा सर दोराबजी टाटा होते. वय झालेलं, तब्येत ढासळलेली, आणि विमान या प्रकारावर फारसा विश्वास नाही. जेआरडींना कामाचे धडे देणाऱ्या जॉन पीटरसन यांनी दोराबजींची समजूत काढली. दोन लाख रुपये मंजूर झाले.

मग सरकार आडवं आलं. टाटांनी मदत मागितली, सरकारने पैसे नाहीत म्हणून सांगितलं. असं करत तीन वर्षं गेली. शेवटी टाटांनी अनुदान नकोच, नेलेल्या टपालाच्या वजनाप्रमाणे काय ते द्या, अशी तयारी दाखवली तेव्हा कुठे एप्रिल १९३२ मध्ये करार झाला.

आणि १५ ऑक्टोबर १९३२ उजाडला.

कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी पुस मॉथ जातीचं विमान वर नेलं. एक इंजिन, रेडिओ नाही, डोळ्यांवर गॉगल, हिशेबाला स्लाइड रूल आणि सोबत २५ किलो टपाल. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. पहिला थांबा अहमदाबाद. तिथे पेट्रोल कशातून आलं माहितीये? बैलगाडीतून. बर्मा शेलचे डबे बैलगाडीवर लादून मैदानात आणले आणि ते विमानात ओतले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या चिखलात उतरलं. स्वागताला मोजकीच माणसं. मद्रासचं टपाल घेऊन विन्सेंट पुढे निघाला, रात्री बेल्लारीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी मद्रास.

रस्त्यावर वेगासाठी केस झालेल्या माणसावर सरकारने आता लोकांची पत्रं सोपवली होती. आणि इथून पुढे जेआरडींच्या बोलण्यात वेग कमी आणि वेळ जास्त यायला लागली. किती जोरात पोचलो याला किंमत नव्हती, सांगितलेल्या मिनिटाला पोचलो का याला होती.

ते सोपं नव्हतं. जुहूला कंपनीचं ऑफिस म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली शेड. माणसं बोटांवर मोजण्याएवढी, दोन-तीन वैमानिक आणि तेवढेच मेकॅनिक. पावसाळा सुरू झाला की जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, कारण भरतीच्या वेळी ते समुद्राच्या पातळीच्याही खाली असायचं. मग सगळा संसार उचलून पुण्याला न्यायचा आणि पावसाळा संपेपर्यंत विमानं तिथून उडवायची. कोकणातला पाऊस ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको की एका इंजिनाच्या विमानाने त्या ढगांतून सह्याद्री ओलांडणं म्हणजे काय असेल.

तरी पहिल्या वर्षात टाटांची विमानं एक लाख साठ हजार मैल उडाली, १५५ प्रवासी आणि दहा टनांहून जास्त टपाल नेलं आणि साठ हजार रुपये नफा झाला. टपाल वेळेवर पोचवण्याचं प्रमाण शंभर टक्के. सरकारी विमान खात्याने आपल्या अहवालात याचं कौतुक करून टाकलं. ज्या सरकारने तीन वर्षं झुलवलं त्यानेच.

पण आकाश कुणाचं देणं ठेवत नाही. १९३६ मध्ये जेआरडींचा धाकटा भाऊ जमशेद, लाडाचं नाव जिमी, विमान अपघातात गेला. तोही उडायला शिकलेला, विशीतला पोरगा. १९४२ मध्ये विन्सेंटही गेला, युद्धाच्या कामासाठी प्रवास करत असताना. ज्या दोघांबरोबर विमानाची हौस वाटून घेतली ते दोघंही हवेतच संपले. जेआरडींनी उडणं थांबवलं नाही. पण हे घाव बसलेला माणूस विमान कंपनी चालवताना बारीकसारीक गोष्टींत इतका का शिरतो, हे यानंतर समजायला सोपं जातं.

१९३८ मध्ये चौतिसाव्या वर्षी ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली आणि ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस नावाचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. प्रवाशांत जेआरडी स्वतः होते. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींचा याला विरोध होता, तरी सरकारने अध्यक्षपद देऊ केल्यावर त्यांनी ते घेतलं आणि पंचवीस वर्षं बिनपगारी सांभाळलं.

या पंचवीस वर्षांत ते एअर इंडियाने प्रवास करायचे तेव्हा झोपायचे कमी आणि टिपणं जास्त काढायचे. पडद्यांचा रंग, चहाची चव, खुर्ची किती मागे जाते, हवाई सुंदरींची केशरचना, संडासात कागदाचा रोल आहे की नाही, सगळं. प्रवास संपला की टिपणं संबंधित माणसाच्या टेबलावर. लोक वैतागत असतील, नक्की वैतागत असतील. पण त्या काळातली एअर इंडिया जगातल्या नावाजलेल्या विमान कंपन्यांत मोजली जायची ती या वैतागातूनच.

एवढं करूनही अपघात चुकले नाहीत. १९५० मध्ये तीच मलबार प्रिन्सेस आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वतावर आदळली, ४८ जण गेले. १९६६ च्या जानेवारीत त्याच पर्वतावर कांचनजंगा हे विमान कोसळलं, ११७ जण गेले आणि त्यात जेआरडींचे मित्र होमी भाभा होते. १ जानेवारी १९७८ ला एम्परर अशोक हे जम्बो मुंबईहून उडालं आणि काही मिनिटांतच वांद्र्याजवळ समुद्रात पडलं. विमानातल्या २१३ जणांपैकी एकही वाचला नाही.

त्यानंतर महिन्याभरातच, १९७८ च्या फेब्रुवारीत, मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून काढलं. ही बातमी त्यांना सरकारकडून थेट कळली नाही, दुसऱ्याच्या तोंडून कळली. ज्या कंपनीचं पहिलं विमान स्वतःच्या हाताने उतरवलं तिच्यातून असं बाहेर पडावं लागणं त्यांना फार लागलं. इंदिरा गांधी परत सत्तेत आल्यावर १९८० मध्ये त्यांना संचालक मंडळावर घेतलं, अध्यक्ष म्हणून नाही.

आणि बुगाटीवाला पोरगा? तो कुठे गेला? जेआरडींना ओळखणारे सांगतात, की म्हातारपणी ऑफिसला जाताना बसस्टॉपवर ताटकळणाऱ्या माणसाला ते आपल्या गाडीत बसवून घ्यायचे. बसलेल्याला बऱ्याचदा कळायचंही नाही की शेजारी कोण आहे.

विमानाची गोष्ट मात्र अजून बाकी होती. पहिल्या उड्डाणाला तीस वर्षं झाली तेव्हा, १९६२ मध्ये, त्यांनी कराची ते मुंबई तेच उड्डाण पुन्हा करून दाखवलं होतं. १९८२ मध्ये पन्नास वर्षं होत होती. जेआरडी ७८ वर्षांचे. हृदयाचा त्रास होता. देशातल्या तरुणांवर मरगळ आलीय, त्यांना काहीतरी दाखवायला हवं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी पुन्हा जायचं ठरवलं.

यावेळी कराची दुसऱ्या देशात होतं, त्यामुळे परवानग्या आल्या. विमान होतं लेपर्ड मॉथ, त्याच पिढीतलं, लाकूड आणि कापडाचा भरणा असलेलं. मुंबईत जम्बो उतरत होते आणि इकडे हा म्हातारा शंभर मैलांच्या वेगाने एकटाच येत होता. १५ ऑक्टोबर १९८२ ला कराचीहून निघून, अहमदाबादला थांबून, दुपारी त्यांनी जुहूच्या धावपट्टीवर चाकं टेकवली. यावेळी तिथे चिखल नव्हता आणि बघायला माणसांची तोबा गर्दी होती.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं आणि पॅरिसच्या पेर लाशेझ कबरस्तानात, आई-वडिलांच्या शेजारी, त्यांना ठेवण्यात आलं. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली.